खांबावर माणूस असतो

आमच्या शेजारच्या काकूंनी गेल्या वर्षी गच्चीवर सोलर बसवून घेतलं. तीन किलोवॉटचं, सहा पॅनलचं. सूर्यघर योजनेच्या अनुदानाचे ७८ हजार खात्यात जमा झाले त्या दिवशी त्यांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले आणि पहिलं बिल आलं ते फाटकाशी भेटेल त्याला वाचून दाखवलं. मग मे महिन्यात एका दुपारी वळीव आला. कुठेतरी फांदी पडली, गल्लीची लाईट गेली आणि काकूंच्या घरातला पंखाही थांबला. अर्ध्या तासात आभाळ निवळलं, ऊन पुन्हा लख्ख पडलं. वर सहा पॅनल धुऊन निघून चकचकीत झालेली, आणि खाली काकू वर्तमानपत्राने वारा घेत बसलेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी बसवणाऱ्या पोराला बोलावून घेतलं. मी कुंपणाशी कढीपत्ता खुडत होते, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. "एवढा पैसा ओतला, वर ऊन मावत नाही, आणि लाईट गेली की माझ्याही घरात अंधार? मग हे वर काय वाळवण घालायला ठेवलंय का?" पोरगा पॅनलची वीज घरात आणणाऱ्या इन्व्हर्टरच्या डब्याशी वाकलेला होता. तसाच, मान वर न करता म्हणाला, "काकू, लाईट जाते तेव्हा खांबावर माणूस असतो."

काकूंना ते काही कळलं नाही. खांबावरच्या माणसाचा आणि माझ्या पंख्याचा काय संबंध, असं त्यांनी विचारलं. त्याने समजावण्याचा प्रयत्न केला, त्यांनी तो मानला नाही, आणि शेवटी बॅटरीवालं मशीन घेतलं तर काय पडेल याचा हिशेब सुरू झाला. माझ्या हातात मात्र कढीपत्ता तसाच राहिला. हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. शब्द वेगळे असतील, पण ते आमच्या घरातलं होतं. तेविशीतल्या, पाठीवर कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट घातलेल्या, बोलीवरून मराठवाड्याच्या वाटणाऱ्या पोराकडे ते कुठून आलं, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

त्याचं म्हणणं बरोबर होतं. गच्चीवरच्या या साध्या, बिनबॅटरीच्या इन्व्हर्टरचं सतत लक्ष असतं ते बाहेरच्या लाईनकडे. तिथला दाब आणि पन्नास हर्ट्झचा ठेका जाणवेनासा झाला की दोन सेकंदांच्या आत तो स्वतःला बंद करून घेतो. तो बंद झाला नाही तर काकूंच्या गच्चीवरची वीज मीटरमधून उलटी बाहेर जाईल, गल्लीतल्या तारेत शिरेल, कोपऱ्यावरच्या डीपीत उलट्या दिशेने चढेल, आणि जो ट्रान्सफॉर्मर एरवी अकरा हजार व्होल्ट उतरवून आपल्याला देतो तोच ते दोनशे तीस चढवून पलीकडे अकरा हजार करेल. आणि पलीकडे, लाईन बंद आहे अशा समजुतीने, कोणीतरी तारेला हात घातलेला असेल.

त्या कोणीतरीच्या घरात मी वाढले.

माझे वडील, अण्णा, वीज बोर्डात वायरमन होते. कागदावर हुद्दा लाईनमन, पण गावात सगळे वायरमनच म्हणत. १९६३ साली हेल्पर म्हणून लागले आणि बहुतेक सगळी नोकरी पाटण तालुक्यात काढली. कोयनेचं पहिलं पॉवर हाऊस नुकतंच सुरू झालेलं, डोंगराच्या पोटात पोफळीला वीज तयार व्हायची आणि मोठमोठ्या मनोऱ्यांवरून मुंबईकडे जायची. त्या मनोऱ्यांच्या खाली ज्या वाड्या होत्या तिथे कंदील होते. अण्णांचं पुढचं आयुष्य त्या वाड्यांपर्यंत खांब नेण्यात आणि मग ते उभे ठेवण्यात गेलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा कोयनेची वीज तुटून मुंबईसुद्धा अंधारात गेली, हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलंय की आम्ही भावंडं त्यातली वाक्यं त्यांच्या आधी म्हणायचो. पण त्यात ते स्वतः काय करत होते हे फारसं नसायचं. ते आईकडून कळलं. धरतीची थरथर थांबायच्या आत सायकल घेऊन ते बाहेर पडले होते. पडलेल्या घरांवर पडलेल्या तारा होत्या, आणि त्या कुठे जिवंत आहेत, कुठे मेलेल्या, हे लोकांना सांगायला कोणी नव्हतं.

जिवंत तार आणि मेलेली तार दिसायला अगदी एकसारखी असते. या धंद्याची सगळी मेख त्यात आहे. सुताराला लाकूड दिसतं, गवंड्याला भिंत दिसते, वायरमनला जे हाताळायचं ते दिसतच नाही. म्हणून त्याला दुसऱ्याच्या शब्दावर चढावं लागतं. सबस्टेशनवरचा ऑपरेटर फीडर, म्हणजे त्या भागाकडे जाणारी लाईन, पाडतो, स्विच उघडतो, लाईनला अर्थिंग करतो, 'माणसे काम करीत आहेत' अशी पाटी हँडलला अडकवतो, वहीत वेळ लिहितो आणि परमिट, म्हणजे काम करायची परवानगी, देतो. मग इकडे वायरमन खांबाखाली जाऊन तारेतली उरलीसुरली वीज जमिनीत सोडणारा डिस्चार्ज रॉड तारेला लावतो, तिन्ही तारा साखळीने एकत्र करून जमिनीला जोडतो आणि मगच वर चढतो. कागदावर हे असं आहे. साठ-सत्तरच्या दशकातल्या पाटण तालुक्यात, श्रावणातल्या मध्यरात्री, फोन बंद पडलेला आणि सबस्टेशन घाटाच्या पलीकडे, तेव्हा हे कसं व्हायचं हे अण्णा नीट सांगत नाहीत. एवढंच म्हणतात, "ऑपरेटरचा आवाज ओळखीचा असला की अर्धं काम झालं."

उरलेल्या अर्ध्यासाठी त्यांच्या स्वतःच्या सवयी होत्या. गावातल्या डीपीवर काम असलं की ते फ्यूजच्या ग्रीपा काढून खाकी पिशवीत टाकत आणि पिशवी गळ्यात अडकवून खांबावर चढत. खाली कोणी शहाणा 'लाईट का गेली बघू' म्हणून पेटी उघडायला आलाच, तरी त्याच्या हाताला ग्रीप सापडायची नाही. काम झालं की ते उतरत आणि स्वतःच्या हाताने ग्रीपा परत बसवत. कधी कधी त्या पिशवीतच राहून घरी यायच्या, चिनी मातीच्या पांढऱ्या, तांब्याच्या जिभा काळ्या पडलेल्या. आम्ही त्यांच्याशी खेळायला गेलो की मिळायचा तो मार आईचा असायचा, अण्णांचा नाही. आणखी एक. ते कुठल्याही तारेला, अगदी घरातल्या इस्त्रीच्या वायरलासुद्धा, आधी बोटांची मागची बाजू लावून बघत. तळहात लावला आणि करंट असला तर मूठ आवळली जाते, तार सुटत नाही. मागून लावला तर हात झटक्याने दूर जातो. हे कुठल्या पुस्तकात शिकवत नाहीत, शिकवूही नये. पण आजही चहाचा कप उचलताना त्यांचा हात आधी तसाच पुढे जातो.

ते घरी आले की एक वास यायचा. जळलेलं ट्रान्सफॉर्मर ऑइल, घाम, ओली खाकी. पावसाळ्यात हा वास घरातून जायचाच नाही. आई शर्ट हुंगून सांगायची, आज डीपी उडाली, आज नुसता जंपर तुटला.

अण्णांचा एक जोडीदार होता. दोघांनी कितीतरी पावसाळे एकत्र काढलेले. एकदा वादळानंतर तुटलेली तार जोडताना त्याला करंट लागला. फीडर बंद होता. परमिट होतं. ऑपरेटरची काही चूक नव्हती. गावातल्या एका पिठाच्या गिरणीवाल्याने नवा जनरेटर आणला होता आणि लाईट नाही म्हणून तो सुरू केला होता. गिरणीची जोडणी लाईनपासून तोडणारा चेंजओव्हर त्याने बसवलाच नव्हता. त्याला बिचाऱ्याला माहीतही नव्हतं की आपण गिरणी चालवतोय त्याच वेळी अर्ध्या किलोमीटरवर कोणाला तरी मारतोय. जोडीदार वाचला, उजवा हात कोपरापासून गेला. बोर्डाने त्याला पुढे बसून करायचं काम दिलं, डाव्या हाताने लिहायला शिकून त्याने ते निवृत्तीपर्यंत केलं. अण्णा त्या दिवसापासून खांबाच्या दोन्ही अंगांना साखळी बांधायला लागले. वीज सबस्टेशनकडूनच येते, असं तोवर सगळे धरून चालले होते.

काकूंच्या गच्चीवरचा पोरगा 'खांबावर माणूस असतो' म्हणाला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो डाव्या हाताने लिहिणारा माणूस आला. आता कितीतरी घरांवर असा जनरेटर बसतोय. आवाज नाही, धूर नाही, पण जनरेटरच. ठिकठिकाणच्या खांबांवरच्या माणसांचा जीव आता त्या दोन सेकंदांवर आणि ते दोन सेकंद नीट पाळणाऱ्या यंत्रावर आहे. यंत्र पाळतं, यात शंका नाही. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी बराच वेळ विचार करून विचारलं, "आणि यंत्र तपासतो कोण?"

तपासणारा पोरगा परळीचा निघाला. मी त्याला एकदा चहाला बोलावलं, मग तो स्वतःच यायला लागला. कराडात घरच्यांशिवाय राहतो, खोलीवर आणखी चौघं, सगळी याच कामातली. त्याचे वडील परळीच्या थर्मलला, म्हणजे कोळशावरच्या वीज केंद्रात, राख वाहायच्या कामावर, ठेकेदाराकडे. लहानपणी दारात वाळत घातलेले कपडे झटकल्याशिवाय घरात घेत नसत, असं तो सांगतो आणि आमच्या दोरीवरचे कपडे अजूनही नकळत झटकतो. २०१३ च्या दुष्काळात धरणात पाणी उरलं नाही म्हणून परळीचे संच बंद पडले. तेव्हा तो शाळेत होता. कोळसा होता, पाणी नव्हतं. वाफ करायलाच पाणी नाही म्हटल्यावर एवढं मोठं थर्मल मुकं झालं. चिमण्यांमधून धूर येईना, आणि राख नाही म्हणून घरात पैसे येईनात. राख थांबली याचा आनंद मानायचा की दुःख, हे घरात कोणालाच ठरवता आलं नाही, असं तो हसत म्हणाला. पुढे आयटीआयला त्याने इलेक्ट्रिशियन घेतला, मग सोलरचा तीन महिन्यांचा कोर्स केला. कारण विचारलं तर म्हणाला, "ह्याला पाणी लागत नाही ना, मावशी. पुसायला लागतं तेवढंच."

त्याचं काम मी गच्चीवर जाऊन बघितलं. एका पॅनलचं वजन तीस किलोच्या आसपास. अरुंद जिन्यातून दोघं मिळून ते उभं धरून वर आणतात, वळणावर कोपरा आपटला तर काचेला केसाएवढी चीर जाते आणि पैसे पगारातून जातात. भर दुपारी पॅनलची पाठ हाताला पोळते. ॲल्युमिनियमची चौकट गुडघ्यांना चटके देते. पण मला थांबवलं ते वेगळ्याच गोष्टीने. मी सहज विचारलं, की हे जोडताना बंद कसं करता? तो म्हणाला, बंद होत नाही. इन्व्हर्टर बंद करता येतो, मधला स्विच पाडता येतो, पण उजेड आहे तोवर पॅनलच्या दोन वायरींत दाब असतोच. या सहा पॅनलच्या माळेत तीनशेच्या घरात व्होल्ट, मोठ्या प्लँटवर पंधराशेपर्यंत. आणि सगळं डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारं. घरातली एसी वीज सेकंदात शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी पडली तरी बहुधा विझते. डीसी शून्यावर येतच नाही. भरल्या लोडवर कनेक्टर ओढला तर ठिणगी धरून राहते आणि प्लॅस्टिक, बोट, जे असेल ते जाळते. "म्हणून आधी लोड काढायचा, मग कनेक्टर. उलट केलं की संपलं," एवढं बोलून त्याने चहा संपवला.

मला अण्णांच्या नोकरीचा पायाच उखडल्यासारखं झालं. लाईन बंद करा, तपासा, जमिनीला बांधा, मग हात लावा, या चार गोष्टींवर माणसांची आयुष्यं निघाली. इथे पहिलीच गोष्ट शक्य नाही. सूर्याकडे परमिट मागायला जाणार कोण?

या पोराला महिन्याला पंधरा हजारांच्या आतबाहेर मिळतात. ज्या कंपनीचं नाव त्याच्या पाठीवर आहे तिचा तो नोकर नाही. तिने काम दिलेल्या दुसऱ्याने ज्या तिसऱ्याला दिलं, त्याचा तो माणूस. हरित रोजगार, सौरक्रांती वगैरे शब्द मी वर्तमानपत्रात वाचते तेव्हा मला त्याचं ते ओळखपत्र आठवतं, ज्यावरची मुदत दर तीन महिन्यांनी पेनने वाढवलेली असते. अण्णांना क्वार्टर होतं, फंड होता, युनियन होती, आणि जोडीदाराचा हात गेला तेव्हा त्याला बसून करायचं काम देणारं कोणीतरी होतं. २००५ साली बोर्डाच्या तीन कंपन्या झाल्या, निर्मिती, पारेषण, वितरण अशा, आणि त्यानंतर खांबावरही ठेकेदाराची माणसं चढू लागली. तेव्हा तिकडे सगळं सोन्याचं आणि इकडे मातीचं, असंही नाही. पण खांबावरच्या माणसाला निदान गाव ओळखतं. 'वायरमन आला रे' म्हणून पोरं धावतात, कोणी ताक आणून देतं, कोणी शिव्या घालतं. गच्चीवरचा पोरगा एका घरावर दोन दिवस असतो आणि मग त्याचं नाव कोणाला आठवत नाही. काकूंच्या मोबाईलमध्ये तो 'सोलर' या नावाने आहे.

वाऱ्याचं आणखी निराळं. माझा एक मावसभाऊ सातारा जिल्ह्यातल्या वनकुसवडे पठाराकडचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथे पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या तेव्हा त्यांची नाचणीची आणि गवताची जमीन त्यात गेली, अशा भावात की आज तो आकडा सांगायला त्याला लाज वाटते. बदल्यात त्याला पहारेकऱ्याची नोकरी लागली. स्वतःच्याच जमिनीवर काठी घेऊन बसायचं. पूर्वेकडे माण-खटावात २००३-०४ साली दुष्काळ पडला तेव्हा पवनचक्क्या ढग पळवतात अशी आवई उठली, आणि एरवी शहाणीसुरती माणसंही ती बोलत होती. मावसभाऊ म्हणायचा, आम्ही पठारावर धुक्यात भिजून मरतोय आणि हे म्हणतात ढग कुठायत! त्याचा मुलगा मात्र त्याच चक्क्यांवर टेक्निशियन झाला. पट्टा लावून, आतल्या शिडीवरून साठ-सत्तर मीटर चढून जातो, पाठीला अवजारं. चांगला वारा आपल्याकडे जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन पावसात, आणि मशीन बिघडतंही तेव्हाच. वर पोचल्यावर आधी पाती वळवून त्यांची कड वाऱ्याकडे करायची, मग रोटरला खीळ घालायची, मग काम. वारा थांबवता येत नाही, पण पात्याला वाऱ्याकडे दुर्लक्ष करायला लावता येतं. हे त्याचं वर्णन ऐकून अण्णा खूश झाले होते. त्या पोराने त्यांना सांगितलं, सुरुवातीच्या चक्क्या साडेतीनशे किलोवॉटच्या होत्या, आता एकेक तीन मेगावॉटची येते. जुन्या दहा जातात, नवी एक बसते. मग दहा चक्क्यांवरची माणसं कुठे जातात, असं मी विचारलं. तो म्हणाला, राजस्थानला.

एवढं सगळं लिहून झाल्यावर मला माझ्या चुलतभावाचंही सांगायला हवं, नाहीतर हे नुसतं गळा काढणं होईल. त्याचा ऊस आहे, विहिरीवर मोटर आहे. वर्षानुवर्षं शेतीला मोटरला लागणारी थ्री फेज वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की दोन वाजता उठायचं, पायात गमबूट, हातात बॅटरी, सरीत उतरायचं. उसात बिबट्या असतो, बांधावर घोणस असते, आणि ओल्या हाताने स्टार्टरची पेटी उघडायची असते. त्याच्या शेजारचा शेतकरी साप चावून मेला, ते सगळ्यांनी बघितलंय. दिवसा वीज द्या, ही मागणी घेऊन किती मोर्चे निघाले. आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सबस्टेशनजवळ सोलर प्लँट टाकून शेतीचे फीडर दिवसा चालवायचं सुरू झालंय. त्याची दुसरी आवृत्ती २०२३ साली आली, तिचा पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यात धोंदलगावला तीन मेगावॉटचा, २०२४ मध्ये. चुलतभावाच्या फीडरवरही आता दिवसाच वीज येते. त्याला मी या सगळ्याबद्दल काय वाटतं विचारलं. ठेकेदारी, पगार, पाठीवरचं नाव, यातलं काहीही त्याच्या गावी नव्हतं. "रात्री झोपतो," तो म्हणाला. एवढंच.

त्याची बायको पलीकडून म्हणाली, मीही झोपते.

अण्णांना नव्या विजेबद्दल राग नाही, हे मला उशिरा कळलं. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं सगळ्या देशाने दिवे घालवले. आम्ही गॅलरीत पणत्या लावत होतो आणि अण्णा आत खुर्चीत अस्वस्थ. एवढा लोड एकदम पडला तर वारंवारता चढते, यंत्रं पटापट बंद पडतात, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. देशाची मागणी त्या नऊ मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॉटने खाली आली आणि परत चढली, आणि ती झेलली मुख्यतः जलविद्युत केंद्रांनी, पाणी झपकन कमी करून आणि झपकन वाढवून. औष्णिक संचाला इतकं पटकन वळता येत नाही, आणि रात्री नऊला सौर नव्हतीच. नऊ वाजून दहा मिनिटांनी आमच्या घरातला ट्यूबलाइट लागला तेव्हा अण्णा म्हणाले, "कुणीतरी बसलं होतं नीट." सगळा देश पणत्यांचे फोटो पाठवत असताना राज्याच्या विजेचा तोल सांभाळणाऱ्या कळव्याच्या भार प्रेषण केंद्रात कोण बसलं असेल, पोफळीला कोण असेल, याचा विचार करणारा आमच्या गल्लीत तो एकटा म्हातारा होता. लाईट आली याचं कोणी कौतुक करत नाही, ती गेली की मात्र फोन सुरू होतात. तेव्हा बरं काम करणाऱ्याचं नाव या धंद्यात कधीच कोणाला कळत नाही, खांबावरच्याचं काय आणि गच्चीवरच्याचं काय. मघाशी मी वायरमनला गाव ओळखतं म्हणाले, त्यात थोडी अतिशयोक्ती झाली. गाव त्याला अंधारात ओळखतं.

गेल्या महिन्यात परळीचा पोरगा आला तो दोन कागद घेऊन. एक, महावितरणच्या विद्युत सहायक भरतीचा. पाच हजारांवर जागांची मागची जाहिरात त्याची थोड्या गुणांनी हुकली होती, पुढची येईल तेव्हा भरायची म्हणून तो तयारी करत होता. त्यात पहिली तीन वर्षं ठरावीक मानधन, पंधरा, सोळा, सतरा हजार, आणि मग कायम तंत्रज्ञ. दुसरा कागद कच्छमधल्या खावड्याचा. ३० हजार मेगावॉटचा पसारा रणात उभा राहतोय, तिथे देखभालीचं काम, पगार आताच्या दुप्पट, राहणं-जेवण कंपनीचं. मी लगेच बोर्डाच्या बाजूने बोलायला लागले. माझ्या तोंडून आईच बोलत होती. कायमची नोकरी, लग्न ठरतं, परळीला बदली मागता येते. पोरगा मान हलवत होता, पण त्याने कागद अण्णांपुढे ठेवले.

अण्णांनी पगार विचारला नाही. विचारलं, "तिकडे परमिट कोण देतं?"

पोराने पिशवीतून एक लाल कुलूप काढलं. वर त्याचा फोटो चिकटवलेला, नाव आणि मोबाईल नंबर. मोठ्या प्लँटवर काम करायचं असेल तर स्विच पाडल्यावर प्रत्येकाने आपापलं कुलूप त्यावर लावायचं. पाच माणसं कामाला असतील तर पाच कुलपं. किल्ली ज्याची त्याच्या खिशात. शेवटचा माणूस येऊन स्वतःचं कुलूप काढेपर्यंत मॅनेजरलासुद्धा तो स्विच वर करता येत नाही. खावड्याच्या मुलाखतीआधीच्या ट्रेनिंगमध्ये त्याला हे मिळालं होतं. अण्णांनी कुलूप हातात घेतलं, आधी बोटांच्या मागच्या बाजूने चाचपलं, मग किल्ली घालून दोनदा उघडून बंद केलं. मला वाटलं आता ग्रीपांच्या पिशवीची गोष्ट येणार. ती नाही आली. ते म्हणाले, "आणि पॅनलला कुठं लावतोस हे?"

"पॅनलला नाही लागत, आजोबा. ते दिवसभर चालूच."

"मग त्याच्या वायरीचं काम?"

"छोटं असलं तर दिवसा, हातमोजे घालून. मोठं असलं की शक्यतो अंधार पडल्यावर. तेव्हाच ते बंद असतं."

अण्णा हसले. त्यांना हसताना खोकला येतो, तो आवरेपर्यंत आम्ही थांबलो. "म्हणजे सूर्याच्या नोकरीतही रात्रपाळीच," ते म्हणाले. मग बराच वेळ दोघांचं तिकडच्या पाण्याबद्दल, विंचवांबद्दल, घरी पैसे कसे पाठवायचे याबद्दल चाललं. पोरगा जाणार हे त्याचं बहुतेक आधीच ठरलं होतं, माझ्याच लक्षात आलं नव्हतं. तो उठला तेव्हा अण्णांनी त्याला दारातून परत बोलावलं.

"बॅटरी चांगली घे. हातात धरायची नको, डोक्याला बांधायची घे. दोन्ही हात मोकळे लागतात."